सत्काराची शाल

ॲडव्होकेट धुंडिराज नगरकर गरिबांचे खटले फुकट लढतात, असं ते स्वतःच सांगत फिरायचे. आमच्या गावातल्या थोर म्हाताऱ्यांनी तेवढ्यावर विश्वास ठेवून त्यांचा सत्कार ठेवला. शाल घालायला गोदाक्का लोखंडेला बोलावलं. घरमालकानं तिच्या खोलीला कुलूप ठोकलेलं, ती बहिणीच्या पडवीत झोपायची, आणि तिचा फुकटचा खटला साहेबांकडे धूळ खात होता.

गोदाक्का शाल घेऊन नुसतीच उभी राहिली.

“घाल ना बाई, फोटोवाला थांबलाय,” साहेब पुटपुटले.

“इथं नको. उद्या माझी तारीख आहे,” ती माइकमध्येच म्हणाली. “आजवर एकाही तारखेला तुम्ही आला नाहीत. उद्या या, कोर्टातच घालते.”

मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांना कोर्टात यावंच लागलं. ते पाच मिनिटं बोलले आणि कुलूप काढायचा हुकूम झाला.

“बघा, देवमाणूस!” कोर्टात आलेले म्हातारे गहिवरले. साहेबांनी मान पुढे केली.

गोदाक्कानं शाल स्वतःच्याच अंगावर ओढली.

“ही मला राहू द्या, साहेब. तुमच्या पाच मिनिटांसाठी मी चार हिवाळे पडवीत काढलेत.”