मोटरसायक्लिस्टचे चार तुकडे

धाकटी जाऊ दिसली की सिंधूच्या पोटात दुखायला लागायचं. नयना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत बाई. तिची साडी, तिची पर्स, सगळंच सिंधूच्या डोळ्यांत खुपायचं. पण पोटची पोर तेजूसुद्धा काकीच्या मागंमागं फिरायला लागली, तेव्हा मात्र सिंधूला घास उतरेना.

दिवाळीत करंज्या चालल्या होत्या. नयना सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, तेजूला मी शिकायला घेऊन जाते. अक्का चौथी शिकलेल्या, त्या काय इंग्रजी शिकवणार? एक शब्द तोडून दाखवू देत, पोर इथंच राहील. मोटरसायक्लिस्ट. बोलताना तुकडे किती पडतात आणि जोर कुठं?"

तेजूची पिशवी तर भरून तयारच होती.

सिंधूनं लाटणं खाली ठेवलं आणि पिठाचा हात नयनाच्या हनुवटीखाली धरला. "आता म्हण."

"मोटरसायक्लिस्ट."

"चार तुकडे. हनुवटी चारदा हातावर टेकली. जोर 'मो'वर, त्याहून जरा कमी 'साय'वर. जिथं जोर देतेस तिथं तुझी भुवई उडते."

"काकी, बरोबर आहे," तेजू हसू दाबत म्हणाली.

नयना हनुवटी पुसत म्हणाली, "ही लबाडी झाली अक्का. तुम्हाला इंग्रजी कुठं येतं?"

"नाहीच येत. पण तू या घरात आल्यापासून जळत जळत तुझ्याच तोंडाकडं बघतेय. ते पाठ आहे मला."

तेजूनं पिशवी उचलली आणि परत खुंटीला अडकवली.