सुसान्नाच्या हलक्या विटा

पूर्वेच्या रोमी साम्राज्यात, समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर, मिरोपे नावाचे गाव होते. गावाबाहेरच्या गुहेत थेओदुल महाराज राहत. थेओदुल म्हणजे देवाचा दास, आणि महाराज त्या नावाला पुरेपूर जागले. वय ऐंशीच्या घरात, चालताना काठी लागे. पण दारी आलेला सरदार असो वा गुलाम, दोघांनाही ते सारख्याच मायेने जवळ बसवीत.

गावचे ख्रिस्तमंदिर भूकंपात कोसळले, त्याच्या घुमटाखाली सुसान्नाचा नवरा गेला. तो गवंडी होता. सुसान्ना वीटभट्टीवर राबे. नव्या देवळाचा पाया भरला गेला तेव्हा तिने मनाशी ठरवले, या वेळी घुमट कुणाचा जीव घेता कामा नये. तळ्याकाठची पांढरी, भुसभुशीत माती आणून तिने विटा पाडल्या. भाजल्यावर त्या इतक्या हलक्या झाल्या की पाण्यावर तरंगू लागल्या.

टोपलीभर विटा घेऊन ती लाम्प्रोसकडे गेली. देवळाचे बांधकाम त्याच्याकडे होते.

"धनी, घुमटाला या लावा. खांबांवरचा भार कमी होईल."

लाम्प्रोस राजधानीत भूमिती शिकून आलेला. चौकोनी भिंतींवर गोल घुमट कसा बसवायचा, त्याचा भार चार कमानींवरून चार खांबांत कसा उतरवायचा, हे त्याला तोंडपाठ होते. ताठाही तेवढाच होता. कामगारांकडे वळून तो म्हणाला, "बाईला घुमट बांधायचाय की होडी? जा बाई, चूल लिंप."

सगळे हसले. सुसान्ना टोपली उचलून थेट गुहेकडे गेली आणि महाराजांपुढे रडली.

महाराज म्हणाले, "माय, विटा पाडणे थांबवू नकोस. मनापासून दिलेले देव वाया जाऊ देत नाही."

ती रोज साचा भरीत राहिली. दोन वर्षे गेली. जड विटांचा घुमट निम्मा उभा राहिला, आणि एका सकाळी जमीन पुन्हा हादरली. उत्तरेची कमान बाहेर सरकली, तिचा खांब कलला. परांचीवर तीस माणसे अडकली, त्यांत लाम्प्रोसही होता. उतरायची शिडी मोडून पडली होती. खालचे लोक बाहेर पळाले.

त्या सकाळी महाराज बांधकाम पाहायला आले होते; गर्दीतून वाट काढीत ते आत गेले. काठी बाजूला ठेवून त्यांनी कललेल्या खांबाला खांदा लावला आणि डोळे मिटले. "प्रभो, एका विधवेचे अश्रू तू पाहिलेस. आता आणखी तीस विधवा नकोत."

खांब जागीच थांबला.

सुसान्नाने ते पाहिले आणि ती भट्टीकडे धावली. तिथल्या बायकांना घेऊन तिने भट्टीच्या शिड्या आणल्या. एकेक माणूस खाली उतरला, शेवटी लाम्प्रोस. मग त्याने गवंड्यांना धीर देऊन वरचे जड थर उतरवले, कमानीला आणि खांबाला लाकडांचा टेकू दिला. सूर्य मावळेपर्यंत महाराज हलले नाहीत. टेकू बसला तेव्हाच त्यांनी खांदा काढला आणि एवढेच म्हणाले, "तहान लागली रे."

लाम्प्रोसने त्यांचे पाय धरले. महाराज म्हणाले, "मी नुसता उभा होतो. धरणारा तो. आणि खांबांवरचा हा भार हलका करायची वाट त्याने त्या माउलीला दोन वर्षांपूर्वीच दाखवली होती."

लाम्प्रोसला सुसान्नाकडे मान वर करून बघवेना. खाली बघतच त्याने तिच्याकडे विटा मागितल्या.

खांब भक्कम करून त्याच विटांनी घुमट पुरा झाला. त्याच्या बुडाशी चाळीस खिडक्या ठेवल्या. सकाळचे ऊन आत आले की घुमट उजेडावरच टेकल्यासारखा दिसे. देवार्पणाच्या दिवशी लाम्प्रोसला मानाच्या जागी बोलावले. तो तिकडे न जाता दाराशी उभ्या सुसान्नाकडे आला आणि भर सभेत तिच्यापुढे गुडघे टेकून त्याने कपाळ जमिनीला लावले.

"माय, मला क्षमा कर."

सुसान्नाने वर घुमटाकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले होते. तिने लाम्प्रोसच्या डोक्यावर हात ठेवला.

"उठा धनी. माझा माणूस गेला तो गेला. पण तुम्ही तीस जण घरी परत गेलात. देवाने माझ्या हातून एवढे करून घेतले, त्याचे उपकार मी कुठे फेडू?"

लाम्प्रोस मात्र बराच वेळ उठला नाही.