सगुणाक्काची कूस

फार वर्षांपूर्वी, खडकेवाडीत विहीर एकच होती आणि शहाणे मात्र घरटी चार होते, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात सगुणाक्का राहायची. ती जखमा धुवायची, बांधायची आणि दिवसभर करवादायची. तिची कूस उजवली नव्हती, आणि गाव तिला ते विसरू देत नव्हतं.

त्या वर्षी येसाजी वस्ताद पायरीवरून घसरला आणि खुबा मोडून बाजेवर पडला. आखाड्यात ज्याची पाठ कुणी मातीला लावली नाही, त्याची पाठ आता बाजेवरून उठेना. दोन महिन्यांत माकडहाडाशी जखम झाली, मूठ जाईल एवढी.

घरच्यांनी हयगय केली असं नाही. सून तुळसा रोज वाटीभर तूप जखमेत ओतायची. आणि वस्तादाला काय, तर वरणाचं वरचं पाणी. पडल्या माणसाला पचत नाही, शिवाय जास्त खाल्लं की अंथरूण भरतं. हलवायचं तर मुळीच नाही. म्हाताऱ्याला निवांत पडू द्यायचं, यालाच गाव सेवा म्हणायचं.

सगुणाक्कानं जखम पाहिली, वाटी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"तूप जखमंला नि पानी म्हाताऱ्याला? अगं, जखम जेवती व्हय? मानूस जेवला तर ती भरंल."

"पचत न्हाई त्यास्नी, आक्का."

"घालून बघितलंस कवा?"

तिनं पळी पातेल्याच्या तळाशी घातली आणि घट्ट वरण काढलं. उकडलेलं अंडं त्यात कुस्करलं, वर तेच तूप सोडलं आणि वस्तादाला भरवलं. मीठ घालून उकळलेल्या पाण्यानं जखम धुतली आणि त्याला कुशीवर वळवलं. ती घरी पोचते न पोचते तोच तुळसानं सासऱ्याला मायेनं पुन्हा उताणं निजवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रडावं की ओरडावं, सगुणाक्काला कळेना. शेवटी ती वस्तादाच्या कानाशी वाकली.

"वस्ताद, पाठ लागलीया तुमची. समदं गाव बघतंय."

असं म्हणतात, की म्हाताऱ्याचे डोळे लाल झाले, त्यानं बाजेची कड पकडली आणि आपली आपण कूस घेतली.

मग तिनं गुरवाला कामाला जुंपलं. दर पाच घटकांनी, म्हणजे दोन-दोन तासांनी, त्यानं देवळाची घंटा वाजवायची. गावात सात जण अंथरुणाला खिळलेले होते. घंटा झाली, की सातही घरांत एकाच वेळी सगुणाक्काचा आवाज यायचा, "कूस!" ती एकटी सात ठिकाणी कशी असायची, ते कुणाला सांगता आलं नाही. होळीपर्यंत वस्तादाची जखम भरली आणि धुळवडीला तो बाजेवर बसून पोरांना डाव चुकले म्हणून शिव्या देऊ लागला.

वर्षं गेली आणि सगुणाक्का थकली. "हिला ना पोर ना बाळ, हिची कूस कोण बदलणार?" बाया पाणवठ्यावर म्हणायच्या. दुसऱ्यांना वळवताना हा प्रश्न तिलाही पडायचा, पण तो तिनं कधी तोंडावाटे काढला नाही. एक दिवस तीही अंथरुणाला खिळली. उताणी पडून राहिली. घंटा झाली. तिनं डोळे मिटून घेतले, कारण दाराकडे बघायची तिला भीती वाटत होती.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. सात घरांतून सात बाया आल्या होत्या आणि सगळ्यांत पुढं तुळसा होती, हातात घट्ट वरणाची पळी घेऊन.

सगुणाक्कानं एक डोळा उघडला. "येवढ्या कशाला आला? दोघी पुरं. नि हात धुतलं का?"

ती पुढं बारा वर्षं जगली आणि तिच्या अंगावर ओरखडाही उठला नाही, असं म्हणतात. गेली तेव्हा लोकांनी तिला रीतीप्रमाणं उताणं ठेवलं. घंटा झाली आणि ती आपोआप कुशीवर वळली, असंही म्हणतात.

खडकेवाडीत अजून दर पाच घटकांनी घंटा होते. वरणाची पहिली पळी तळातून निघते आणि ती पडल्या माणसाच्या ताटात जाते. नव्या सुनेला तिथं कूस उजवली का, असं कुणी विचारत नाही. कूस बदलली का, एवढंच विचारतात.