पोथीतला उतार

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांना अजून घाई नव्हती त्या काळातली ही गोष्ट. एका नदीकाठी एक गाव होतं. तिथं सकाळचं धुकं इतकं दाट पडायचं, की माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखायची.

पलीकडे जायचं तर उतारावरून, म्हणजे पाणी उथळ असेल तिथून, चालत जावं लागे. हा उतार कुठं, ते मठाच्या पोथीत लिहिलेलं होतं: जुन्या उंबरासमोर. शंभर वर्षं गाव तिथूनच जात होतं. अलीकडे अधूनमधून कुणी वाहून जाई. मग महंत म्हणत, "श्रद्धा कमी पडली." गाव मान डोलवी आणि आपापली श्रद्धा चाचपून बघे. पाणी मात्र कुणी चाचपत नसे.

त्या गावात ठकू नावाची गवळण राहायची. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा त्याच उतारावर वाहून गेला. दुःख तर होतंच, पण लोक नंतर जे बोलले ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. तो बिचारा रोज पहाटे मठात पाणी भरायचा. त्याची श्रद्धा कमी, तर मग पुरेशी कुणाची? आता तिच्या लेकीचं, मैनाचं लग्न ठरलं होतं, आणि चार दिवसांनी नवरी त्याच उतारावरून सासरी जायची होती.

एका सकाळी ठकूची म्हैस उंबराकडे न जाता खाली केवड्याच्या बनाशी वळली आणि निवांत पाण्यात शिरली.

"काजळे, उतार तिकडं हाय," ठकू म्हणाली.

तेव्हा म्हशी बोलत असत. हल्ली त्यांना कुणी काही विचारत नाही, म्हणून त्या गप्प असतात. काजळी रवंथ करत म्हणाली, "असंल बाई. मला वाचता येत नाही. मी पाय टाकून बघते. नदी कधीचीच इकडं सरकलीय."

ठकू तडक मठात गेली. "महाराज, पाणी सरकलंय. एकदा येऊन बघा."

महंत काही वाईट मनाचे नव्हते, फक्त गादीवरून उठायची सवय मोडली होती. ते म्हणाले, "बाई, पोथी लिहिणारे मोठे होते. त्यांच्यावर शंका घेणारे आपण कोण?"

"मोठेच होते, महाराज. पर त्यांनीबी पाणी बघूनच लिवलं आसंल की."

महंतांनी डोळे मिटून घेतले.

लग्न लागलं. सकाळच्या धुक्यातच वरात महंतांसह नदीवर आली आणि उंबराकडे निघाली. ठकूनं एका हातात काठी घेतली, दुसऱ्या हातात लेकीचा हात घेतला आणि ती केवड्याच्या बनाकडे वळली.

"ठकू, पाप लागंल," कुणीतरी म्हणालं.

"लागू दे. पोर तरी राहील."

आधी काठी, मग पाऊल. पुन्हा काठी, पुन्हा पाऊल. मायलेकी धुक्यात दिसेनाशा झाल्या आणि काठावर सगळे श्वास रोखून उभे राहिले. बऱ्याच वेळानं पलीकडून मैनाचा आवाज आला, "पोचलो. गुडघ्याएवढंच पाणी हाय."

महंतांनी खडावा काढल्या. एकाची काठी मागून घेतली आणि उंबरासमोरच्या पाण्यात घातली. चाचपता चाचपता एका जागी काठी अख्खी आत गेली, तळ लागला नाही. मग बनाकडून नदी ओलांडून ते ठकूसमोर गेले आणि हात जोडून, दोन्ही काठांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझ्या धन्याची श्रद्धा कमी पडली नव्हती, बाई. आमचं बघणं कमी पडलं."

दोन वर्षांत पहिल्यांदाच ठकू मोकळेपणानं रडली.

तेव्हापासून दर पावसाळा सरला की महंत स्वतः काठी घेऊन नदीत उतरत आणि उतार नव्यानं शोधत. त्या गावातलं माणूस पुन्हा नदीनं नेलं नाही.

तात्पर्य: थोरांच्या शब्दाला नमस्कार जरूर करावा, पण पाण्याची खोली आपली आपणच बघावी.