सव्वाशे घागरी आणि खडूची रेघ

एकदा एका आईने आपल्या मुलाला तोंडावर सांगितले, "सोपान, तुझ्या गाडीत आता माझी एकही घागर चढायची नाही. बैलगाडीने पाठवीन, डोक्यावरून नेईन, पण तुझ्या गाडीत नाही."

गिरजाबाई कुंभारीण हे बोलली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. अक्षय्यतृतीया सहा दिवसांवर आली होती. त्या दिवशी घरोघरी नवी घागर पाण्याने भरून पितरांच्या नावाने पुजतात, आणि त्यासाठी तिने दोन महिने माती तुडवून, भट्टीपाशी अंग भाजून सव्वाशे घागरी सिद्ध केल्या होत्या. मागल्या खेपेला बाजारात चाळीस घागरी उतरवल्या, त्यातल्या अकरा तडकलेल्या निघाल्या. कोणत्या आईचा जीव तुटणार नाही?

सोपानला ते बोलणे फार लागले. पिकअप त्याने घेतली होती ती आईच्या घागरींसाठीच. नदीकाठच्या खडकाळ वाटेवर गाडीचे पोट दगडांना घासते, म्हणून गेल्या हिवाळ्यात त्याने मूळचे टायर काढून मोठे टायर बसवले. गाडी कशी ऐटीत उभी राहिली! आणि घागरी मात्र पूर्वीपेक्षा जास्त फुटू लागल्या. याला काय म्हणावे?

तो तडक फाट्यावरच्या कादर वस्तादांकडे गेला. वस्ताद सत्तरीचे. टायरच्या धंद्यात त्यांचे केस पांढरे झाले, आणि तालुक्यातले निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली घडले. सोपानही दोन वर्षे त्यांचा शिष्य होता.

"वस्ताद, मागचे पाटे बघा जरा. स्प्रिंग गेलेली दिसतेय. घागरी फुटतायत."

"हवा किती ठेवतोस?"

"पुढं पस्तीस, मागं पासष्ट. तुम्हीच शिकवलंत. दाराच्या कडेला पट्टीवरही तेच छापलंय," सोपान म्हणाला, आणि पुरावा म्हणून त्याने हातातली लोखंडी टॉमी मागच्या टायरवर हाणली. टण्! "बघा, कसा वाजतो!"

वस्ताद गालात हसले. "टायर वाजवून बघायला तुला कुणी शिकवलं रे?"

"आईनं. म्हणजे, मडकं वाजवायला. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर चीर गेलेली."

"अस्सं," एवढेच वस्ताद बोलले. मग त्यांनी खोक्यातून पांढरा खडू काढला, गुडघे धरत खाली बसले आणि चारही टायरांवर, जिथे रबर रस्त्याला टेकते तिथे, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकेक जाड आडवी रेघ ओढली.

"तुझ्या आईच्या घागरींचं वजन किती?"

"हौदा वरपर्यंत भरतो, वस्ताद!"

"उंची नाही विचारली मी. वजन."

इतकी वर्षे घागरी वाहिल्या, पण वजन त्याने कधी मनातही आणले नव्हते. बोटांवर हिशेब केला. एक घागर चार किलोची, सव्वाशे घागरी म्हणजे पाचशे किलो. गाडीने त्याच्या तिप्पट वजन सहज पेलले असते.

वस्तादांनी समोरच्या चहाच्या टपरीकडे वळून हाक दिली, "ए, आठ जण या रे! जरा गाडीत बसायचंय."

आता तुम्ही म्हणाल, या म्हाताऱ्याचे डोके फिरले काय? सोपानच्याही मनात तेच आले. इकडे सण तोंडावर, आई रुसलेली, आणि वस्ताद टपरीवरचे रिकामटेकडे गोळा करतायत! पण गुरूपुढे बोलणार कोण? आठ माणसे हौद्यात चढली, आणि सोपानने सपाट डांबरी रस्त्याने पाण्याच्या टाकीपर्यंत हळूच एक फेरी मारली.

गाडी थांबताच एकाने कंबर धरून खाली उडी मारली. "काय रे बाबा, गाडी आहे का उखळ? मणके मोजून घे माझे!"

"मागं येऊन रेघ बघ," वस्ताद म्हणाले.

मागच्या टायरवरची रेघ मध्ये पार पुसली गेली होती. दोन्ही कडांना मात्र जशीच्या तशी पांढरी होती.

सोपानच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण नको तितका. त्याने उत्साहाच्या भरात फुस्स करून हवा सोडली ती सोडतच राहिला. टायर मऊ झाला की घागरी गादीवर झोपल्यासारख्या जातील! नवी रेघ, नवी फेरी. या खेपेला रेघेच्या दोन्ही कडा गेल्या आणि मधला तुकडा शिल्लक राहिला.

तेव्हा वस्तादांचा आवाज चढला. "असाच बाजारापर्यंत पळवलास तर कडा तापतील, टायर फुटेल. मग घागरींचं सोड, तुझी आई कुणाला हाक मारणार?"

सोपान वरमला. त्याने थोडी हवा भरली, रेघ ओढली, फेरी मारली. पुन्हा थोडी भरली. पाचव्या फेरीला एक जण हातात चहाचा कप घेऊनच चढला होता आणि परत उतरला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर चहाचा थेंबही नव्हता. सोपान वाकून बघतो तो काय, रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच फिकट झालेली!

"उद्या सकाळी टायर गार असताना काटा लाव आणि हवा मोजून ठेव," वस्ताद म्हणाले.

"मग आधीच आकडा सांगितला असतात तर? माझा जीव टांगणीला लागला होता, वस्ताद."

वस्ताद स्टुलावर टेकले. "सांगितला असता, तर तू तोही पाठ केला असतास. पासष्ट खोटं नव्हतं, बाळा. ते गाडीच्या मूळच्या टायरचं आणि पूर्ण भरलेल्या ओझ्याचं होतं. तू टायर मोठा घातलास. त्याच्या पोटात हवा जास्त मावते, म्हणून तेच ओझं तो कमी दाबावर पेलतो. त्यात तुझं ओझं हलकं, या आठ माणसांएवढं. टायर बदलला, ओझं वेगळं, तुझं पाठांतर तेवढं जुनं राहिलं. टणक टायर मधल्या पट्टीवरच चालतो, दगड आला की उडतो, आणि त्याच्याबरोबर तुझ्या आईची मेहनत उडते. मडक्यानं कडक राहावं, टायरनं थोडं दबावं. तू एकाची परीक्षा दुसऱ्याला लावलीस. उद्या सिमेंट भरलंस तर हवा वाढव, पुन्हा रेघ ओढ. टायरवर कोरलेल्या मर्यादेच्या वर मात्र जाऊ नकोस."

सोपानने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

घरी आल्यावर त्याने आईला विनवले, "आई, एक डाव बघ. तू माझ्याशेजारी बस. काही तडकल्याचा आवाज आला की तिथंच गाडी थांबवीन, आणि पुढं बैलगाडी करू." गिरजाबाई घागरींखाली पसरायच्या गवताच्या पेंढ्या आणायला उठली.

खडकाळ वाट गेली, डांबरी रस्ता आला, तरी ती मागे कान लावून बसली होती. बाजारात तिने एकेक घागर उतरवली, बोटाने वाजवली, आणि बाजूला ठेवली. खण्, खण्, खण्. सोपान श्वास रोखून उभा. शंभरीच्या पुढे एक घागर बद्द वाजली. त्याचा चेहरा उतरला.

"अरे, ही भट्टीतच कच्ची राहिली होती. मला ठाऊक होतं," गिरजाबाई म्हणाली. शेवटची घागर खणखणीत वाजली, तेव्हा पोराचा जीव भांड्यात पडला. तिने त्याच्या पाठीवरून मातकट हात फिरवला. "पुढच्या खेपेलाही तूच ने रे."

त्यातली सर्वांत देखणी घागर तिने बाजूला काढून ठेवली होती. सोपानने ती परतताना वस्तादांच्या दुकानात नेली. "आईनं दिलीय. उन्हाळ्याच्या गार पाण्यासाठी."

वस्तादांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कानाजवळ नेली आणि टिचकी मारली. खण् करून गोड आवाज उमटला. ते समाधानाने हसले.

"हिला मात्र," ते म्हणाले, "खडू नको."