अकरा उंबऱ्यांचा उतार

इंग्लंडातल्या विदरकूम गावामागच्या उतारावर अकरा दगडी उंबरे आहेत. घर मात्र एकही नाही. पाहुणे दमून त्यांवर बसले की चर्च राखणारी म्हातारी त्यांना उठवते आणि जोसाया थॉर्नबीची कथा सांगते.

हा जोसाया याच गावचा, गिरणीवाल्याचा मुलगा. त्या काळी मत उघड द्यावे लागे. लाकडी मंचावर चढायचे आणि सर्वांदेखत उमेदवाराचे नाव घ्यायचे. खाली जमीनदाराचा कारभारी कान टवकारून उभा. पार्लमेंटात जाऊन मतदान गुप्त करायचे, यासाठी जोसायाने जिवाचे रान केले आणि दोनदा आपटी खाल्ली.

तिसऱ्या खेपेला तो या उतारावरच्या अकरा कुळांकडे आला. हॅना गेलच्या स्वयंपाकघरात बसला. तिचा नवरा मत द्यायला तयार होता, ती नव्हती.

"साहेब, मालकानं घराबाहेर काढलं, तर पोरं घेऊन मी कुठं जाऊ?"

"तशी वेळ आलीच, तर मी स्वतः येऊन तुमच्या दारात उभा राहीन. शब्द देतो," जोसाया म्हणाला.

अकरा जणांनी त्याचे नाव घेतले. तो नऊ मतांनी निवडून आला.

मार्चमध्ये घरे रिकामी करण्याचा हुकूम निघाला. हॅनाची चिठ्ठी लंडनला पोचली, पण गुप्त मतदानाचे विधेयक त्याच आठवड्यात चर्चेला यायचे होते. कायदा झाला की सगळ्यांचेच भले होईल, अशी जोसायाने मनाची समजूत घातली आणि तो थांबला. माणूस खोटा नव्हता हो, त्याचेच जास्त वाईट वाटते. विधेयक पडले. तो धावत गावी आला तेव्हा भिंतीसुद्धा उरल्या नव्हत्या. हॅनाचे तान्हे मूल रस्त्यातच थंडीने गेले, म्हणे.

पुढे जमीनदार मेला. गावचा सगळा गहू आता जोसायाच्या गिरणीवर जाई, म्हणून गावकरी मंचावर चढून मुकाट त्याचेच नाव घेत. अशी वीस वर्षे गेली आणि अखेर तो कायदा झाला. पहिल्यांदाच पडद्याआड मतदान झाले. विदरकूमच्या पेटीत जोसायाच्या नावाची एकही चिठ्ठी निघाली नाही, असे सांगतात. त्याचे स्वतःचे मतही त्याच पेटीत होते.

आजही विदरकूममध्ये उमेदवाराला कुणी घरात घेत नाही. बर्फ पडत असला तरी त्याने बाहेर उभे राहूनच बोलायचे. बोलता बोलता तो शब्द देऊ लागला, की घरची बाई दार लावून घेते.