भुंडोबाची तीन दिवसांची गादी

पूर्वी एका डोंगरावरचा वाघ म्हातारा होऊन वारला, तेव्हा भुंडोबा रानडुकराला वाटलं, आता गादी आपलीच. "माझ्याइतकं खोल कोण खणतं?" असं तो दिसेल त्याला विचारत सुटला. तसं कुणालाच खणता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी त्याला राजा केलं.

तिसऱ्याच दिवशी वणवा पेटला. "महाराज, आता काय करायचं?" सगळे ओरडले. "खणा!" भुंडोबाने हुकूम सोडला. हत्ती खणू लागला, मोर खणू लागला, बगळ्याने चोचीने एक बारीकसं भोक पाडलं. आग जवळ येत होती.

तेवढ्यात टिटवी आजी किंचाळली, "थांबा! मोरा, झाडावरून वारा कुठला ते सांग. सांबरांनो, पिल्लं नदीपार न्या. हत्तीदादा, पाणी आणा. आणि महाराज, पिल्लं गेली की या वाटेवर आडवा चर खणा. त्याआधी नको!"

आग चरापाशी येऊन विझली. सगळ्यांनी टिटवीलाच गादीवर बसवलं.

भुंडोबा फुरंगटला. "आजी, तुला तर वीतभरसुद्धा खणता येत नाही!"

"नाही ना बाळा," टिटवी म्हणाली, "म्हणून तर तुला सांगितलं."